राउटरचं पान आणि तुझ्या दारावरून गेलेली हाक

सुलू,

छापखान्याच्या काकांचा निरोप आला होता. बाकीची सगळी पानं लागली, राउटरचं पान तेवढं अडलंय. ते ठेवायचं की काढायचं हे ताईंनी सांगावं, असं म्हणाले. ताई म्हणजे मी. तू होतीस तोवर त्या छापखान्यात मी 'मॅडमची बहीण' होते. पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि तुमचं चाललेलं ऐकायचं, एवढंच माझं काम. आता ठरवणारी मी होते, आणि मला ठरवता येत नव्हतं.

ही पुस्तिका कशी सुरू झाली ते तू मला इतक्या वेळा सांगितलंस की ते मी पाहिलंच आहे असं वाटतं. पेणच्या रामवाडीतला तुझा कंप्युटरचा क्लास, खिडकीपलीकडे हायवेचे ट्रक, आत पंख्याखाली मुलं. तू एका मुलीला उभं केलंस. "सर्व्हर म्हणजे काय?"

"सर्व्हर म्हणजे सर्व्हर, मॅडम."

"अगो, पण तो करतो काय?"

"सर्व्ह करतो, मॅडम."

सगळा वर्ग हसला आणि ती मुलगी रडकुंडीला आली. त्या दिवशी संध्याकाळी तू मला फोन करून म्हणालीस, की ही मराठी शाळेतली पोरं शब्द नुसते गिळतायत, त्यांना चावायला काहीतरी दिलं पाहिजे. मग तू एकेक शब्द घेऊन एकेक पान लिहायला बसलीस. नेटवर्क, मोडेम, सर्व्हर, प्रोटोकॉल, पाकीट, राउटर. परीक्षा द्यायला मी. "तू रोह्याच्या शाळेत पुस्तकं सांभाळतेस, कंप्युटर झाकलेला असला तरी त्याच्यापासून हातभर लांब बसतेस. तुला कळलं म्हणजे सगळ्या तालुक्याला कळेल." हे कौतुक नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी यायचे. क्लास बंद असायचा. तू वाचायचीस आणि मी ऐकायचे.

सर्व्हर तू माझ्यावरूनच लिहिलास. "तुझ्या खिडकीशी मुलं येतात, पुस्तक मागतात, तू कपाटातून काढून देतेस. तू सर्व्हर, मुलं क्लायंट. सगळी एकदम आली की तू चिडतेस आणि खिडकी लावून घेतेस. सर्व्हरचंही तसंच होतं."

"मी खिडकी लावत नाही."

"आपटतेस."

ते वाक्य तू पानात ठेवलंस. 'रोह्याच्या एक ग्रंथपाल बाई' असं लिहून ठेवलंस. आता ते छापून आलं आहे. काकांनी कच्चं पान दाखवलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग तिथं उभं राहवेना.

मोडेमचं पान मला सर्वांत आधी कळलं. फोनच्या तारेला फक्त आवाज कळतो, कंप्युटरला फक्त आकडे. म्हणून मधे एक दुभाष्या बसवायचा, तो आकड्यांचा आवाज करतो आणि पलीकडचा दुभाष्या त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. तुझ्या सासूबाई पहिल्यांदा क्लासात आल्या तेव्हा नेमका मोडेम फोन लावत होता, तो किंचाळल्यासारखा खरखराट. त्या पदर सावरून दारातच थांबल्या. "काय गो, मांजार सापडला का दारात?" तू म्हणालीस, "आई, मुंबईशी बोलतोय तो." त्या म्हणाल्या, "मंग जरा हलू बोलायला सांग."

प्रोटोकॉल म्हणजे आधी ठरलेली बोलण्याची रीत, कोणी आधी बोलायचं, पोच कशी द्यायची, संपलं असं केव्हा समजायचं. तू उदाहरण घेतलंस मुलगी बघायला येण्याचं. आधी पाणी, मग पोहे, मग 'शिक्षण किती' आणि शेवटी 'कळवतो'. कुणी पाण्याच्या आधीच पगार विचारला तर बोलणी तुटतात. मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंनी दारातच विचारलं होतं, मुलीला पोहायला येतं का म्हणून. तरी कुठं तुटली?"

"ते चुकीच्या प्रोटोकॉलवर लागलेलं कनेक्शन गो. अशीच टिकतात."

लग्न होऊन गडबच्या पलीकडे खाडीकडच्या गावात गेलीस आणि वर्षभरात तुझ्या तोंडात 'गो' बसलं. मला त्याची चेष्टा करायला आवडायचं. तुला ते सोडायचं नव्हतं.

पाकिटावर मात्र आपलं चांगलंच वाजलं. कंप्युटर कुठलीही मोठी गोष्ट अख्खी पाठवत नाही, तिचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक घालतो, आणि ते वाट मिळेल तसे जातात. पोचल्यावर क्रमांकानं पुन्हा जुळवायचे. हे सांगायला तू लिहिलं होतंस, एक पुस्तक घ्या, पानं सुटी करा, प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घाला. मी म्हटलं, "माझ्यासमोर पुस्तक फाडायचं उदाहरण देऊ नकोस." तू पेन खाली ठेवून खो खो हसलीस. पुढच्या रविवारी पुस्तकाच्या जागी वऱ्हाड आलं. रोह्याहून पेणला निघालेलं वऱ्हाड, कोणी एसटीनं, कोणी टेम्पोनं, कोणी गाडीनं. प्रत्येकाच्या हातात कार्यालयाचा पत्ता. मागेपुढे पोचतात, पण पंगतीला मानानं बसवले जातात. एखादं पाकीट वाटेत हरवलं, तर पलीकडून निरोप येतो आणि इकडून तेच पुन्हा पाठवतात.

"आणि मामा कोलाडला मिसळ खायला उतरले आणि तिथंच राहिले तर?" मी विचारलं. "दुसरे मामा पाठवायचे?"

"तिथं उदाहरण लंगडं आहे," तू कबूल केलंस. "पाकीट पुन्हा पाठवता येतं, कारण मूळ प्रत पाठवणाऱ्याकडे असते. मामांची नसते." मग तू मामांना टेम्पोतच बसवून ठेवलंस, कोलाड गाळलंस आणि पुढे गेलीस. मीही पुढे गेले. आता ते पान वाचते तेव्हा कोलाडच्या जागी डोळा थांबतो.

आणि राउटर.

तुझ्या जागी दुसरं कोणी हे वाचत असेल तर त्याला तुझं पान दिसलं पाहिजे, म्हणून इथं उतरवते. तू लिहिलं होतंस:

"खाडीला उधाणाची भरती असली की आमच्या गावात हाक देतात. प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जातो. पहिलं घर दुसऱ्या घराला हाक देतं, दुसऱ्यानं 'ओ' दिली की पहिल्याचं काम संपलं. मग दुसरं घर तिसऱ्याला. शेवटचं घर कुठं आहे हे पहिल्याला माहीत असायची गरज नाही, शेजार माहीत असला की पुरे. राउटर असाच असतो. हाती आलेलं पाकीट पुढं कुणाकडं द्यायचं, एवढंच तो ठरवतो. एखाद्या घरी सुतक असलं तर त्या घराला हाक देत नाहीत. शेजारी त्या दारावरून मुकाट पुढे जातो आणि पलीकडच्या घराला हाक देतो. एक घर बंद पडलं म्हणून हाक थांबत नाही, ती वळसा घालून जाते. इंटरनेटचं मर्म एवढंच आहे."

मी पेन्सिलीनं सुतकाखाली रेघ ओढली. "हे काढ."

"का?"

"अभद्र वाटतं. मुलांचं पुस्तक आहे. घराला कुलूप आहे असं लिही."

"कुलपाच्या घराला हाक देतात गो. मागच्या दारी कोणी असेल म्हणून दोनदा देतात. सुतकाच्याच घराला देत नाहीत. तुला कळलं नसेल तर कळलं नाही म्हण."

"कळलं. आवडलं नाही."

"आवडायला कुठं लिहिलंय? कळायला लिहिलंय."

दिनेश, तुझा नवरा, कंपनीची शिफ्ट करून आलेला, चहा पीत बसला होता. तू त्याला पंच केलंस. तो म्हणाला, "मला दोघींचं पटतंय," आणि कप घेऊन उठून गेला. त्या रविवारी पान तसंच राहिलं. रोह्याला पोचल्यावर मी नेहमीसारखी एक रिंग देऊन फोन ठेवला. पोचल्याची ही खूण आपण शाळेत असल्यापासूनची. तूच मला शिकवलं होतंस, कंप्युटरवाले याला पिंग म्हणतात, काही सांगायचं नसतं, नुसतं 'आहेस ना' एवढंच विचारायचं असतं. त्या दिवशी तू उलट फोन केलास आणि म्हणालीस, "राउटरवर विचार कर. रविवारी ये, भांडून संपवू."

त्या रविवारी मी पेणला आले ती दवाखान्यात. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही, आणि मला न कळलेलं समजावून सांगणारी तू आत पडली होतीस. मी पुष्कळ वाचलं आहे सुलू. बाकावर बसून त्यातलं एक अक्षर उपयोगी पडलं नाही. नर्सनं कुठला तरी कागद पुढं केला, दिनेशनं सही केली, मी त्याला पेन दिलं. माझ्या हातून झालेली तेवढीच मदत.

मग पुनव आली. मी तुझ्याच घरी होते, कारण रोह्याला जाऊन काय करायचं हे मला सुचत नव्हतं. पुनवेची आणि अवसेची उधाणाची भरती भर दुपारी येते, हे मला तुझ्यामुळे माहीत होतं. पडवीत आम्ही दोघी, मी आणि तुझ्या सासूबाई. त्यांच्यापुढे सुपात तांदूळ होते, त्या निवडत नव्हत्या, नुसता हात फिरवत होत्या. गावाच्या टोकाकडून हाक आली. "उधान हाय होऽऽ!" मग ओ. मग जरा जवळून हाक, पुन्हा ओ. एकेक घर पुढे सरकत होती. मी ती कधी ऐकली नव्हती. मी यायचे ती पेणला, क्लासात. पण मी ओळखली. पुढचा टप्पा मला तोंडपाठ होता.

शेजारचे जनूकाका त्यांच्या ओट्यावरून उतरले. तुझ्या अंगणाच्या कडेनं चालत आले, मान खाली, चप्पल हातात. तुझ्या दारासमोर आले आणि काही न बोलता पुढे गेले. पलीकडच्या अंगणात पोचले आणि मग त्यांचा आवाज फुटला. "उधान हाय होऽऽ!" तिथून ओ आली. हाक पुढे गेली.

तू लिहिलं होतंस तसंच, एका शब्दाचाही फरक नाही. कुठलंही पान इतकं खरं असू नये.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरातून तीच जायची." ते मला माहीत होतं. दिनेश शिफ्टला, त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून तू साडी खोचून, घमेलं घेऊन बांधावर. खेकड्यांनी पोखरलेली भोकं चिखलानं बुजवायची आणि पाणी उतरेपर्यंत उभं राहायचं. तिथून तशीच संध्याकाळच्या बॅचला रामवाडीत. मी परवा क्लास उघडला. तुझ्या कीबोर्डाच्या फटींमध्ये खाडीचा चिखल वाळून बसला आहे. मी फडकं हातात घेतलं होतं. पुसलं नाही.

तुझ्या क्लासची मुलं दाराशी उभी होती. एकानं विचारलं, "मॅडम, दोन हजार साली सगळे कंप्युटर बंद पडणार ते खरं का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. दुसरा त्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "गप रे, ह्या त्या मॅडम नायत." सर्व्हर सांगता न आलेली ती मुलगीही होती. तिनं विचारलं, पुस्तक कधी येणार. तेही मला माहीत नव्हतं.

तेराव्याचं आटोपल्यावर काकांचा निरोप आला. मी दिनेशला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मला नका विचारू. तुम्ही दोघी भांडायच्या ते मी ऐकत बसायचो. आता भांडण पण अर्धंच राहिलं." त्याचं म्हणणं खरं होतं. तू असतीस तर मी हरले असते आणि पान राहिलं असतं, किंवा तू कंटाळून कुलूप घातलं असतंस. एकटीनं ठरवायचं म्हणजे तुझी बाजूही मीच मांडायची, आणि तुझ्यासारखी मला मांडता येत नाही. पान काढलं तर तुझ्या पुस्तकातलं सगळ्यांत खरं पान मी काढलं. ठेवलं तर ते तुझ्याच दाराचं होऊन बसतं. ती मुलं, तुझा नवरा, सगळे ते तसंच वाचतील.

शेवटी मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "ही आमची हाक तिनं कंप्युटरात घातली व्हय?"

"हो मावशी. ठेवू की काढू?"

"खोटं हाय काय त्यात?"

"नाही."

"मंग काढतीस कशाला? पर आर्धाच लिवलाय तिनं." मी पेन्सिल घेतली. "सुतक फिटला की येनाऱ्या उधानाची पयली हाक त्याच घराला देत्यात. घर मधी आसू दे, नायतर टोकाला. आधी त्या घराची ओ, मंग बाकी गाव. ता नाय लिवलंन."

"तिला माहीत नव्हतं?"

"कसा माहीत आसंल गो ताय? ती आल्यापासून आमच्या घरात कोन मेलाच नव्हता."

मी पेन्सिलीनं पानाच्या समासात ते उतरवून घेतलं. मला वाटलं, आता जमलं. एक ओळ वाढवायची आणि पान पाठवायचं. भांडणही एका परीनं संपलं, तू जिंकलीस, आणि तुला न मिळालेला शेवट मी तुला आणून दिला. मला बरं वाटलं, सुलू. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी अवस होती.

दिनेश शिफ्टला गेला होता. दुपारी जनूकाका आले. या वेळी अंगणाच्या कडेनं नाही, सरळ आत, तुळशीपर्यंत. टोपी नीट केली. गाव गप्प होतं, टोकाकडून हाक आली नव्हती. ती आधी इथं द्यायची होती. त्यांनी मान वर केली आणि जन्माची सवय तोंडातून निघून गेली.

"सुलूऽ गो, उधान हाय!"

त्यांना ते लगेच कळलं. चेहऱ्यावर हात नेला. पण हाक गेली होती, परत घेता येत नाही. आणि ओ आल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. ते तसेच उभे राहिले. भरतीचं पाणी चढत होतं, सगळी घरं आपापल्या दाराशी कान देऊन होती, आणि सगळं एका शब्दापाशी अडलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. ओ ही केवढी गोष्ट, एक स्वर. मला तो आला नाही. तुझ्या नावानं आलेल्या हाकेला मी कशी ओ देऊ?

जनूकाकांनी दुसऱ्यांदा हाक दिली, खालच्या आवाजात, नाव न घेता. "घरात कोन हाय काय?"

"ओऽऽ," सासूबाई म्हणाल्या. सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात रोवून उठल्या, कोपऱ्यातलं तुझं घमेलं घेतलं. मी म्हटलं, "मावशी, मी जाते." त्या थांबल्या नाहीत. "तुला पवायला येत नाय," म्हणाल्या आणि निघाल्या. मी सूप धरून पडवीतच बसून राहिले. त्यांच्या मागं हाक सुरू झाली, घर, ओ, घर, ओ, खाडीपर्यंत.

आज सकाळी पान काकांकडे दिलं. तू लिहिलंस तसंच आहे, सुतकासकट. खाली एक ओळ माझी: "सुतक फिटल्यावर पहिली हाक त्याच घराला देतात." काकांनी विचारलं, पुढं अजून आहे का काही, कारण ओळ मधेच संपल्यासारखी वाटते. त्या हाकेला ओ कोणी द्यायची, ते पुढं यायला हवं होतं. मी म्हटलं, नाही, एवढंच.

रोह्याला पोचल्यावर तुझ्या घरी एक रिंग दिली आणि फोन ठेवला.